दुतोंड्याच्या कमरेला किती क्युसेक?

(गोदाघाट, पहाट)

पुराचं पाणी कुठवर आलंय, हे नाशिककर फुटात सांगत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं. छातीला. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं, की मग महापूरच.

पण मारुती पाण्याची उंची सांगतो. पाणी किती गेलं, ते मोजायला कुणीतरी नदीत उतरावं लागतं.

(धरणाच्या खाली, शहर लागायच्या आधी)

ही उतरलीये. जलसंपत्ती अभियांत्रिकी, एम.टेक.चं दुसरं वर्ष. सिव्हिलची पदवी, मग गेट. बरोबरच्या बहुतेकांनी स्ट्रक्चर घेतलं, हिनं पाणी. घरचे अजून विचारतात, म्हणजे नळपाणी योजनेत नोकरी का?

या काठापासून त्या काठापर्यंत टेप ताणलाय. दर दोन मीटरला थांबायचं. आधी दांडीनं खोली. मग त्याच दांडीवर करंट मीटर, प्रवाहाचा वेग मोजणारं वाट्यांचं चक्र, पण तळाशी नाही आणि वरही नाही. पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर. म्हणजे ९० सेंटिमीटर पाणी असेल तर वरून ५४ वर. सरासरी वेग साधारण तिथे सापडतो. वाट्या फिरतात, प्रत्येक फेऱ्याला कानात 'टक'. मिनिटभर टक मोजायचे. वेग, खोली, रुंदी यांचा गुणाकार, एकेका पट्ट्याचा. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे विसर्ग.

आणि एवढ्या खटाटोपातून आलेखावर पडतो एक ठिपका. पाणीपातळी एका अक्षावर, विसर्ग दुसऱ्या. असे पुरेसे ठिपके जमले की वक्र काढता येतो. मग नुसती पातळी वाचून विसर्ग कळतो.

(दिंडोरी रोड)

'मेरी' म्हटलं की नाशिकमध्ये रिक्षावाला थेट इथे आणून सोडतो. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासूनची. पाण्याचा अभ्यास या शहराला नवा नाही.

(लॅपटॉपचा पडदा)

हेक-रास या पुराच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर निळ्या रंगात शहरभर पसरतो. दिसतोही छान. पण सॉफ्टवेअर आधी विचारतं, मॅनिंगचा एन किती? म्हणजे पात्र किती खडबडीत. काँक्रीटच्या तळाला ०.०१५ च्या आसपास, दगडगवताच्या पात्राला ०.०४ किंवा त्याहून जास्त. घाटावर पहिला, धरणाखाली ती मोजते तिथे दुसरा. पुस्तकातून उचललेला एन खरा की खोटा, ते नदीत मोजल्याशिवाय कळत नाही. आणि प्रबंधात तो उचललेला आहे की मोजलेला, हे फारसं कुणी विचारतही नाही.

धरणातून किती पाणी सोडायचं, रामकुंडावरच्या टपऱ्या कधी हलवायच्या, हे शेवटी अशाच आकड्यांवर ठरतं.

(पुन्हा पात्रात)

टक थांबले. मीटर वर काढला, तर वाट्यांत पाणवेलीची मुळं. लांब, काळी, केसांसारखी. ती बोटांनी एकेक सोडवते, वाट्यांवर फुंकर मारते, वहीतला आकडा खोडते.

चौदा मीटर. पुन्हा.