दार बंद असताना मिस्सा, माळ आणि आपली माणसं

जय येशू! ज्यांना कितीतरी रविवार चर्चला जाता आलेलं नाही, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे. मन आहे, पण शरीर साथ देत नाही. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचं डायलिसिस सुरू आहे, कुणाला अंथरुणावरच्या आईला सोडून निघता येत नाही. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसला टेकला की धडधाकट म्हातारं माणूसही कूलरच्या खोलीतून हलत नाही. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. दिवसभरात दारात येतो तो एक दूधवाला.

अशा माणसाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुटते आणि माणसंही सुटतात. आपण या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. फादरांना एकीबद्दल सांगतो, मुलांना दुसरीबद्दल. मला मात्र वाटतं, दोन्हींना एकाच बाजूनं हात घालता येतो.

बंद दारातून माणसांपर्यंत कसं पोचायचं, ते नागपुरातल्या सदरच्या आपल्या कॅथेड्रलच्या संतांकडूनच पाहा. संत फ्रान्सिस द सेल्स. १५९४ साली हे तरुण पुरोहित जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडच्या शाब्ले भागात गेले. तिथले लोक कॅल्विनपंथी, म्हणजे कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट झालेले, यांच्या प्रवचनाला कुणी फिरकेना. मग त्यांनी शिकवण कागदावर लिहून काढली आणि ती पत्रकं घरोघरी दाराखालून आत सरकवली. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं.

पुढे १६०४ मध्ये दिजाँ शहरात त्यांची जेन द शांताल यांच्याशी ओळख झाली. तरुण विधवा, पदरात चार मुलं. दोघं वेगवेगळ्या गावांत, भेटी थोड्या. ही मैत्री वाढली ती पत्रांवर. त्यातूनच १६१० मध्ये ॲन्सीला व्हिजिटेशन हा सिस्टरांचा संघ उभा राहिला. त्याच ॲन्सीत १८३८ साली फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं मिशनरी संघ निघाला आणि त्याचे फादर पुढे आपल्या भागात आले.

आता घरातलं बोलू. मला भेटणाऱ्या आजीआजोबांच्या मनात एक अपराधीपणा असतो, तो आधी काढून टाका. आजारी माणसाला, आणि त्याची काळजी घेणाऱ्यालाही, रविवारच्या मिस्सेचं बंधन त्या स्थितीत लागू होत नाही. तुम्ही पाप करत नाही आहात. टीव्हीवर किंवा मोबाईलवर मिस्सा पाहिली तर प्रार्थनेला आधार मिळतो, जरूर पाहा. पण ती चर्चमधल्या मिस्सेच्या जागी येत नाही, आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारी प्रभूच्या शरीराची पवित्र भाकर, तर पडद्यातून मिळत नाहीच.

ते घरी मिळू शकतं. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ऑफिसात फोन करून सांगा की घरात आजारी माणूस आहे, कम्युनियन हवं आहे. लोक संकोचतात, 'फादरांना कशाला त्रास' म्हणतात. अहो, ते त्यांचं कामच आहे! छोट्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवली की तयारी झाली. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना नाही, त्यामुळे गोळ्या आणि पेज वेळेवर घ्या. कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, फोनवर होत नाही, फादर समोर लागतात. तेही त्याच भेटीत मागून घ्या. आणि रुग्णांचा तैलाभ्यंग, म्हणजे फादर आजाऱ्याला पवित्र तेल लावतात तो संस्कार, फक्त शेवटच्या घटकेला असतो, हा समज सोडा. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणानं फार थकवा आला असताना तो घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो.

फादर येणार नाहीत त्या दिवशी आध्यात्मिक कम्युनियन आहे. 'प्रभू, आज मी तुला संस्कारातून घेऊ शकत नाही, तू माझ्या अंतःकरणात ये,' इतकं मनापासून म्हटलं तरी चालतं. २०२० मध्ये ईस्टर १२ एप्रिलला, ऐन लॉकडाऊनमध्ये आला. तेव्हा घरोघरी हीच प्रार्थना होती.

आणि आता माणसं. व्हिएतनामचे बिशप न्गुयेन व्हान थुआन, पुढे कार्डिनल झाले, त्यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीच, अटक झाली. तेरा वर्षं कैद, त्यातली नऊ एकांतवासात. सुरुवातीला ते एका गावात नजरकैदेत होते. तिथल्या एका लहान मुलाला त्यांनी जुनी कॅलेंडरं आणायला सांगितली. पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर रात्री आपल्या लोकांसाठी लिहायचे, तो मुलगा कागद घरी न्यायचा, त्याची भावंडं नकला करायची. पुढे तुरुंगात तळहातावर तीन थेंब वाईन आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा करत.

मला यात दिसतं ते असं, की एकांतातली त्यांची प्रार्थना कुणाकुणाला उद्देशून होती. आपली तशी आहे का? रोजरीची, म्हणजे माळेची, पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे गट) आपण सलग म्हणून टाकतो. त्याऐवजी प्रत्येक दशकाआधी एक नाव घ्या. आज मंगळवार असेल, दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, असतील, तर काट्यांच्या मुकुटाचं दशक त्या भाच्यासाठी, ज्याची नोकरी गेली आहे. आणि मग त्याला कळवा. हे कळवणं आपण गाळतो, आणि तिथेच नातं सुकतं.

कामठीची माझी मावशी हेच करते. कालनिर्णयाच्या रोजच्या चौकटीत एक नाव. संध्याकाळी माळ झाली की त्या माणसाला फोन. 'आज तुझ्यासाठी म्हटली गं, काय चाललंय?' समोरची बाई आधी गडबडते, मग मोकळी होते. मुलाच्या परीक्षेचं सांगते, सासऱ्यांच्या साखरेचं सांगते. पुढच्या महिन्यात त्या सासऱ्यांचं नाव चौकटीत येतं. आधी सगळे मावशीची विचारपूस करायला फोन करायचे. आता आपला प्रार्थनेचा हेतू सांगायला करतात. अंथरुणावरच्या माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो हे कळणं, हे औषध कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही.

अबोला असलेल्या माणसाचं नावही एखाद्या चौकटीत लिहा. त्याला लगेच फोन जमणार नाही, मला माहीत आहे. दोन-तीन महिने नुसतं नाव घ्या. मग नाताळ किंवा ईस्टर गाठून दोन ओळींचं कार्ड पाठवा, त्यात जुना हिशोब काढू नका.

तुमच्या घरी असं घरात अडकलेलं कुणी असेल, तर त्यांना नुसता मोबाईल न देता कागदावर मोठ्या अक्षरात सात नावं आणि नंबर लिहून द्या, रविवार ते शनिवार. पॅरिश ऑफिसचा नंबर सगळ्यात वर.