तंबोरा नेमका कुणाचा?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'संगीतोपचार आणि तंत्रज्ञान', त्यावर मी येणारच आहे, पण तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत उभं राहून तंबोऱ्याची गोष्ट सांगायची नाही हे मला जमणार नाही. आणि ही गोष्ट मनात साचून सहा महिने झालेत, त्यामुळे आज ऐकून घ्या.

माझी आत्या सांगलीत गाणं शिकवायची, जवळजवळ चाळीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजवा हात गेला आणि वाचा गेली. समोरचं सगळं कळतं पण शब्द बाहेर येत नाही. पाणी हवंय तर नुसतं 'प... प...' आणि मग डोळ्यात पाणी. स्पीच थेरपिस्ट बाई आल्या, त्यांनी विचारलं आत्या पूर्वी काय करायच्या, आम्ही म्हणालो गायच्या, तर त्या म्हणाल्या मग गाऊन बघू की. आणि मंडळी, जिला पाणी म्हणता येत नव्हतं तिनं यमनातली बंदिश म्हटली, अडखळत, पण शब्दांसकट.

तेव्हापासून दर रविवारी तिचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं, म्हणजे सुधारणा कळेल. माझं कामच ते आहे, पुण्यात भिंतीला गाद्या लावलेल्या एका खोलीत मी नव्या पोरांची गाणी रेकॉर्ड करतो, ज्यांच्या मागे कुठली कंपनी नाही अशी. तिचा तंबोरा होता कपाटावर, तारा उतरवून ठेवलेला, पण तो छेडणार कोण, तिचा हात चालत नाही आणि माझं लक्ष माइककडे. म्हणून मोबाईलवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं. पेटीच्या काळी तीन पट्टीला सूर, मागे पंचम-षड्ज, समोर आत्या.

बारा रविवार झाल्यावर त्यातलं एक गाणं मी व्हिडिओच्या एका साइटवर चढवलं. सगळ्यांना दिसेल असं नाही, फक्त लिंक असेल त्याला, तिची मुलगी न्यू जर्सीत आहे आणि जुन्या शिष्या सगळीकडे पसरल्यात, त्यांच्यासाठी. दहा मिनिटांत मेल आला की तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत सापडलंय. खाली मालकाचं नाव, कुठल्या तरी ध्यानधारणेच्या अल्बमचं. मी तो अल्बम काढून ऐकला. आमचंच अ‍ॅप! त्या माणसानं त्याच अ‍ॅपचा तंबोरा लावला, वर पावसाचा आवाज घातला आणि स्वतःच्या नावावर नोंदवून टाकला. म्हणजे आता ते अ‍ॅप लावून जो कुणी गाईल त्याचं गाणं यंत्राच्या लेखी त्या माणसाचं.

मी हरकत नोंदवली. तिथं समोर माणूस नसतो, चौकोनात खूण करायची, कारण निवडायचं आणि वाट बघायची. ३० दिवस. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, हरकत फेटाळली. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. पैशाचा प्रश्न नव्हता हो, एक रुपया मिळणार नव्हता. पण मध्ये एकदा आत्यानं टॅबवर स्वतःचं गाणं लावलं आणि खालचं ते परकं नाव वाचलं, वाचता तिला येतं, आणि माझ्याकडे बघून डाव्या हातानं विचारलं, हा कोण? काय सांगणार तिला?

मला तेव्हा जुन्या काळची गायिका गौहरजान आठवली. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गनं तिचं गाणं रेकॉर्ड केलं, जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, आणि शेवटी ती ठणकावून इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या निघायच्या जर्मनीत, हानोव्हरला, तिथल्या लोकांना लेबल लावताना कळावं कुणाचं गाणं आहे म्हणून ती पद्धत होती. निदान त्या काळी नाव लावण्याआधी गाणाऱ्यालाच बोलायला सांगत होते!

आता त्या साइटचं गाणी जुळवणारं यंत्र करतं काय ते बघा. आवाजाचं चित्र काढतं, आडवी वेळ, उभी आवाजाची पट्टी, त्यातले ठळक ठिपके उचलतं आणि ठिपक्यांमधली अंतरं साठवून ठेवतं. झाला आवाजाचा अंगठा. आत्याचा आवाज त्याच्यासाठी नवीन होता, कुठेच जुळला नाही, म्हणून तो त्यानं सोडून दिला. जुळला तंबोरा, कारण अ‍ॅपचा तंबोरा जगभर एकच. इथला कारागीर जवारी लावून, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आणि तारेखाली दोरा सरकवून, प्रत्येक तंबोरा वेगळा बोलता करतो, त्याला मिरजेच्या नावानं २०२४ मध्ये जीआय मानांकनही, म्हणजे ही वस्तू या गावची अशी सरकारी नोंदही, मिळालं, आणि यंत्राला हवाय तो एकसारखा.

कॅमेऱ्यांचंही तेच, म्हणून हे एवढं लांबवलं. पुण्यात २०१० ला जर्मन बेकरीचा स्फोट झाला, २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, त्यानंतर चौकाचौकात कॅमेरे आले. मी त्यांच्या विरोधात नाही, त्या दिवशी मी त्याच रस्त्यावर होतो, भीती काय असते मला माहितीये. पण नुसतं चित्रण करणं वेगळं आणि चेहरा ओळखून नाव लावणं वेगळं. तिथेही चेहऱ्याचे आकडे करतात आणि जुळवतात. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं तर जुळलं असं धरतो. आता तुम्ही सांगा, ८० टक्के सुरात असलेला तंबोरा मिरजेत कुणी विकत घेईल का? (हशा) हसताय, पण यंत्राची चूक दुरुस्त करून घ्यायला मला दोन महिने लागले आणि ते फक्त एक गाणं होतं. चेहरा चुकून जुळला म्हणून पोलीस चौकीत बसलेल्या पोरानं कुठल्या चौकोनात खूण करायची? सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितला, पण २०२३ चा डेटाचा कायदा आला त्यात केंद्र सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवलीच.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, भरभर घेतो.

संगीतोपचार. अमुक राग लावा, बीपी उतरेल, याला मी संगीतोपचार म्हणत नाही, चांगलं वाटत असेल तर जरूर ऐका. अमेरिकेत १९७३ साली डॉक्टरांनी आत्यासारख्या पेशंटसाठी एक पद्धत मांडली, छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं टेबलावर ताल द्यायचा. मग हळूहळू सूर काढून घ्यायचा आणि बोलणं उरतं. सगळ्यांना गुण येत नाही, आणि गुण सुरानं येतो की तालानं यावर अजून वाद आहे. पण यात समोर माणूस लागतो. आमच्या बाई आत्याचा श्वास बघून लय कमी करायच्या, ती वैतागली की थांबायच्या, एकदा तर अर्धा तास नुसत्या गप्प बसून राहिल्या.

याच्या शेजारी हे ठेवा. स्पॉटिफायला जानेवारी २०२१ मध्ये एक पेटंट मिळालं, माणसाच्या आवाजावरून त्याची मनःस्थिती ताडायची आणि तशी गाणी सुचवायची. १८० हून जास्त कलाकारांनी आणि संघटनांनी पत्र लिहून विरोध केला, कंपनीनं सांगितलं की आम्ही हे वापरलेलं नाही आणि वापरायचा विचारही नाही. नसेल. पण उद्या कुणी तरी 'उपचार' म्हणून हेच विकेल, आणि घरातल्या आजारी माणसाचा आवाज रात्रंदिवस कुठे तरी साठत राहील. तेव्हा विचारा, हे कोण ऐकतंय आणि चुकलं तर जाब कुणाला विचारायचा.

स्वतंत्र कलाकारांबद्दल दोनच वाक्यं. २०२४ पासून त्याच कंपनीचा नियम आहे की वर्षात १००० वेळा ऐकलं नाही गेलं तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत, माझ्या खोलीत रेकॉर्ड झालेली कितीतरी गाणी त्या रेषेखाली आहेत. त्यातलं एखादं तरी विकत घ्या, पोरांना तुमच्या वाचनालयात बोलवा, मानधन द्या, शाल-नारळ नको.

आत्याचं गाणं शेवटी सुटलं, कारण कळवलं नाही. आता मात्र अ‍ॅप बंद. तिचा तंबोरा मी सकाळीच सतारमेकर गल्लीत जवारीला टाकलाय, छेडायला तिची एक शिष्या तयार झालीये. दुकान आठला बंद होतं, त्यामुळे प्रश्न असतील त्यांनी माझ्याबरोबर गल्लीपर्यंत चालत या.