बाणांच्या चित्रात न मावलेलं चुंबक

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर छापलंय, 'चुंबकत्वाचे नवे प्रकार आणि त्यांचे उपयोग'. उपयोगांवर येतोच, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी लागेल. माझं व्याख्यान पूर्वी ऐकलेले काही जण आत्ताच हसताहेत, म्हणजे त्यांना ती पाठ आहे.

तक्रार पाठ्यपुस्तकातल्या बाणांविषयी. ते चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एका ओळीतले सगळे बाण वर, ते लोहचुंबक म्हणजे फेरोमॅग्नेट. दुसऱ्या ओळीत एक वर, एक खाली, तो अँटिफेरोमॅग्नेट. प्रत्येक बाण म्हणजे एकेका अणूचं चुंबकत्व, मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणातून आलेलं. दुसऱ्या ओळीची बेरीज शून्य, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. चित्र सोपं, गुण हमखास. आणि खरं सांगायचं तर चुकीचंही नाही. त्यात जे काढलेलंच नाही, त्यावर माझा राग आहे.

हे दुसऱ्या ओळीचं प्रकरण मांडलं फ्रान्सच्या लुई नील यांनी, 1930 च्या दशकात. बाहेरून शून्य दिसणारी गोष्ट आत आहे हे दाखवायचं कसं? न्यूट्रॉनचा मारा करून ते दाखवलं क्लिफर्ड शल यांनी, 1949 मध्ये, मँगनीज ऑक्साइडमध्ये. (शल यांना नोबेल मिळालं 1994 मध्ये. संशोधकाने दीर्घायुषी असावं, एवढंच म्हणतो.) नील यांना नोबेल 1970 मध्ये मिळालं आणि तिथल्या भाषणात त्यांनी आपल्याच अपत्याबद्दल सांगून टाकलं की हे पदार्थ सिद्धान्ताच्या दृष्टीने फार रंजक आहेत, पण त्यांचा उपयोग काही दिसत नाही. बापानेच असं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करावं! पुढे हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षात शेजारच्या फेरोमॅग्नेटच्या थराची दिशा घट्ट धरून ठेवायला अँटिफेरोमॅग्नेटचाच थर वापरात आला. नील 2000 सालापर्यंत हयात होते, म्हणजे हे त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

मोठ्यांचं बोलणं तपासून बघावं, यावर चुंबकाच्याच इतिहासातला एक किस्सा आहे. लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते, असं शतकानुशतकं ग्रंथांत लिहिलेलं होतं. सोळाव्या शतकात नेपल्सच्या देल्ला पोर्ता यांनी खलाशांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. प्राण गेला तरी चालेल, कांदा-लसूण सोडणार नाही, म्हणाले. मग या गृहस्थांनी लसूण खाऊन चुंबकावर ढेकर दिला, रस चोळला, आणि चुंबकाला ढिम्म काही झालं नाही. ढेकर हे प्रयोगाचं साधन म्हणून नोंदवलेलं मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

हं, तर बाणांच्या चित्रात काय नाही? ज्यांच्यावर बाणच नाही, असे अणू. मँगनीज टेल्युराइड घ्या. बाण मँगनीजवर, टेल्युरियम बिचारं अचुंबकीय, म्हणून चित्रातून हद्दपार. प्रत्यक्ष स्फटिकात प्रत्येक मँगनीजभोवती सहा टेल्युरियम आहेत. एका थरातल्या मँगनीजचे बाण एका दिशेला, लगतच्या थरातले उलट. एकावर एक असलेले दोन फ्लॅट समजा, पण वरच्याचा नकाशा 60 अंशांनी फिरवलेला. त्यामुळे वर-बाणवाल्या अणूला नुसतं सरकवून खाली-बाणवाल्याच्या जागी बसवता येत नाही, भोवतालही फिरवावा लागतो. आणि तेवढ्याने सगळंच पालटतं. बाणांची बेरीज शून्यच राहते, पण आत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा स्पिनप्रमाणे वेगळ्या होतात. एका दिशेने जाताना एका स्पिनची ऊर्जा कमी, दिशा वळली की दुसऱ्याची. असं शून्य बेरजेच्या पदार्थात नसतं, असं आपण मानून चाललो होतो.

माइन्झ आणि प्रागच्या श्मेकल, सिनोवा आणि युंगविर्त यांनी 2022 मध्ये ही स्वतंत्र जात म्हणून मांडली, अल्टरमॅग्नेट. 2024 च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, त्या किरणांनी इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजून, ही फूट दिसली. कशात? मँगनीज टेल्युराइडमध्येच, जो कित्येक दशकं अँटिफेरोमॅग्नेट म्हणून कपाटात पडून होता! माझ्या तक्रारीत तथ्य आहे की नाही, सांगा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. पाच मिनिटं? तीन. बरं, उपयोग.

आजच्या चुंबकीय मेमरीत फेरोमॅग्नेटचे थर असतात. त्यातून स्पिन निवडून काढलेला प्रवाह मिळतो, म्हणून लिहिलेलं वाचता येतं. पण त्यांचं क्षेत्र बाहेर सांडतं, बिट जवळ आणले की शेजाऱ्याला त्रास, आणि स्वाभाविक वेग गिगाहर्ट्झचा. अँटिफेरोमॅग्नेट टेराहर्ट्झचे, म्हणजे हजारपट, बाहेर काही सांडत नाही, पण वाचायला कठीण. अल्टरमॅग्नेटमध्ये कागदावर तरी दोन्हींचे गुण आहेत. मोटारीतली चुंबकं मात्र यातून होणार नाहीत. बेरीज शून्य आहे, ते चिकटणार कशाला? असल्या बातम्या वाचल्या असतील तर विसरा.

अडचणी. मँगनीज टेल्युराइडमधली बाणांची शिस्त सुमारे 35 अंश सेल्सिअसला मोडते, चालू यंत्राच्या पोटात त्याचा निभाव लागणार नाही. क्रोमियम अँटिमनाइड 400 अंशांपलीकडेही टिकतं, तिथे आशा आहे. पहिला लाडका उमेदवार होता रुथेनियम डायऑक्साइड. त्याच्या स्फटिकांत म्युऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊबंद) आणि न्यूट्रॉनांनी पाहिलं तर चुंबकीय रचनाच सापडेना. पातळ थरांबाबत भांडण चालूच आहे. आणि 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या गटाने निकेल आयोडाइडमध्ये आणखी एक प्रकार दाखवला, पी-वेव्ह. त्यात स्पिन मळसूत्रासारखे फिरत जातात आणि विद्युतक्षेत्राने उलटवता येतात, पण थंडी लागते उणे 200 अंशांच्या घरातली. त्यावर अर्धा तास बोलायचं ठरवून आलो होतो.

आता प्रश्न विचारा. चुंबकीय गादीने पाठ राहते का, एवढा सोडून कुठलाही.