नकार लेखी द्या

नमस्कार श्रोतेहो.

भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "पूर्ण नाव सांगा," हा असतो. मग "फॅमिली आहे की बॅचलर?" आणि मग "नॉनव्हेज चालतं का तुमच्यात?" दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन येतो, "मालकांचा भाचा राहायला येतोय हो, सॉरी." या उत्तरात जात नसते, धर्म नसतो, आणि कागद तर नसतोच. घराची जाहिरात मात्र पुढे महिनाभर तशीच झळकत राहते.

असा नकार कायद्याच्या कुठल्या कलमात सापडतो आणि कुठे निसटतो, हे आज बघू.

घर देताना भेदभाव करू नये, असा एकच सर्वांगीण कायदा आपल्या देशात नाही. संविधानाचं कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ती मनाई राज्यसंस्थेला आहे. म्हाडा, महापालिका किंवा सरकारी वसाहतीत असं घडलं तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्याच कलमाचा दुसरा भाग खासगी व्यवहारापर्यंत पोचतो. त्यात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत. भाड्याच्या घराचं नाव त्या यादीत नाही, आणि गेली पंचाहत्तर वर्षं या एका उणिवेची किंमत माणसं मोजताहेत.

त्यामुळे संरक्षण तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं आहे. त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी वापरला जाणारा तुकडा म्हणजे १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम. याचं कलम ४ सांगतं की कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधणं, मिळवणं किंवा त्यात राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणी आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा आज किरकोळ वाटेल, पण हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. आणि खरी ताकद कलम १२ मध्ये आहे. असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. म्हणजे मालकाच्या मनात काय होतं हे तुम्ही शोधत बसायचं नाही. घर रिकामं होतं, तुम्ही भाडं द्यायला तयार होता, नाव कळल्यावर नकार आला, एवढं मात्र दाखवावं लागतं. १९९० पासून अनुसूचित जातींतल्या बौद्धांनाही हा दर्जा आहे. जातीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

घर मिळाल्यावर त्रास सुरू झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला राहतं घर सोडायला भाग पाडणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा तशी धमकी देणं, याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. जातीवाचक शिवीगाळीची तक्रार मात्र इथे हमखास अडकते. ती लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. चार भिंतींआड, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून जिन्यात, लिफ्टपाशी, गेटवर किंवा सर्वसाधारण सभेत कोण कोण हजर होतं, त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. घरचे आणि मित्र सोडून एखादा तिऱ्हाईत साक्षीदार, अगदी वॉचमनसुद्धा, फार मोलाचा ठरतो. या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. "आधी चौकशी करतो, मग बघू," असं ठाण्यात सांगितलं तर कलम १८-अ वर बोट ठेवा. तरीही नोंद होत नसेल तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात उपायुक्तांकडे पाठवा, आणि तिथूनही काही झालं नाही तर न्यायालयात अर्ज करा.

"भाड्याने घेणे" हे शब्द स्पष्टपणे लिहिलेले दोन कायदे आहेत. एक एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीचा २०१७ चा, दुसरा तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा २०१९ चा. दोन्हींत घर विकत किंवा भाड्याने घेण्याच्या, त्यात राहण्याच्या हक्काबाबत भेदभावाला मनाई आहे. एचआयव्हीच्या कायद्यात त्याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे (ओम्बड्समन) तक्रार करता येते आणि त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो.

आणि धर्म? एकटी बाई? एकत्र राहणारं अविवाहित जोडपं? खाणंपिणं? खासगी मालकाने या कारणांवरून भाड्याने घर नाकारलं तर थेट बोट ठेवावं असं कलम नाही. मुस्लिम कुटुंबांना घर मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली होती. दिल्ली परिसरात अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या नावांनी घरमालकांशी संपर्क साधून अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि नाव बदललं की उत्तर बदलतं हे त्यात दिसलं. कारण सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर टाकणारं १९५५ च्या कायद्यातलं ते गृहीतक धर्मालाही लावायला हवं. ते होत नाही तोवर या नकारापुढे भाडेकरू एकटा पडतो.

घर विकत घेताना मात्र परिस्थिती बरीच वेगळी आहे, आणि हे पुष्कळांना माहीतच नसतं. सहकारी सोसायटीतला फ्लॅट विकायला नमुना उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभारासाठी सरकारने नमुन्यादाखल दिलेल्या नियमांप्रमाणे, सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीकृत खरेदीखत करा आणि त्याच्या प्रतीसह सदस्यत्वाचा अर्ज द्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. कलम २२ प्रमाणे नकार कारणांसह कळवावा लागतो, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तुम्ही सदस्य झालात असं कायदा मानतो. लेखी नकार आला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अपील करायला साठ दिवस असतात. तोंडी नकारावर अपील करणं अवघड, म्हणूनच कमिटी तोंडी बोलते. हस्तांतरण अधिमूल्याला, म्हणजे फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेला, पंचवीस हजारांची कमाल मर्यादा आहे; "स्वेच्छा देणगी" म्हणून लाखभर मागितले, तर तोही घराबाहेर ठेवण्याचाच एक मार्ग असतो.

"आमची सोसायटी अमुक समाजाचीच आहे," असं कोणी म्हटलं तर नोंदणीकृत उपविधी मागा. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारी उपविधी वैध ठरवली. तो निकाल अनेकांना खटकतो, आणि त्यात खटकण्यासारखं आहेच. पण तिथे तशी उपविधी नोंदलेली होती. कमिटीने चहा पिता पिता केलेला ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधीतली दुरुस्ती निबंधकाने नोंदवल्याशिवाय लागूच होत नाही.

मालक भाड्याने द्यायला तयार आहे आणि कमिटीच आडवी येते, असंही होतं. नमुना उपविधींप्रमाणे सदस्याने पोटभाड्याने देताना सोसायटीला आगाऊ लेखी कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हीसुद्धा माहितीच आहे, परवाना नव्हे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, मग भाडेकरू कुटुंब असो वा चार विद्यार्थिनी. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

पुराव्याचं थोडं. फोनवर नकार आला की लगेच एक साधा मेसेज पाठवा: "काल आपण घर दाखवलंत, मी भाडं व डिपॉझिट मान्य केलं; आज आडनाव कळल्यावर नकार दिलात, कारण कळवावं." उत्तर आलं नाही तरी तारखेसह नोंद राहते. संभाषण रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फोन जपा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जाहिरात अजून चालू असल्याचा स्क्रीनशॉट तारीख दिसेल असा घ्या. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६.

सदस्यत्वाच्या अर्जाची पोच घेताना शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव, तिन्ही बघा. सेक्रेटरीने अर्ज घ्यायलाच नकार दिला तर पोचपावतीसह पोस्टाने सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद पाकीट, सोबत नवा अर्ज आणि शुल्काची रक्कम घेऊन उपनिबंधकांकडे जा. त्यांनी तो अर्ज तीस दिवसांत सोसायटीकडे पाठवायचा असतो, आणि त्यानंतर साठ दिवसांत सोसायटी गप्प राहिली तर तुम्ही सदस्य आहात.