पाण्यापलीकडची लाल गोळी

[पहाट. नर्मदेवर धुकं. फक्त वल्ह्यांचा आवाज.]

हे सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी. नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतले कितीतरी पाडे या काठच्या डोंगरउतारांवर विखुरलेत. रस्ता मागेच संपला. आता होडी.

होडीत आशाताई. मांडीवर पिशवी, तिच्यात आणखी एक प्लास्टिकची पिशवी. गोळ्यांना ओल लागू नये म्हणून.

[तळहातावर लाल गोळी.]

रक्तवाढीची गोळी. 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तितकीच. ‘ॲनिमियामुक्त भारत’ हे रक्तक्षयाविरुद्धचं सरकारी अभियान 2018 मधलं, पण गरोदर बाईला लोहाची गोळी द्यायची हे देशानं 1970 मध्येच ठरवलं होतं. शेजारी कॅल्शियमच्या गोळ्या, दिवसाला दोन. म्हणजे बाळ होईपर्यंत एकीच्या वाट्याला 540 गोळ्या. त्या सगळ्या अशाच, मांडीवर धरून आणायच्या.

[अंगण. बाजेवर गरोदर बाई. मागे चूल, चहाचं पातेलं.]

ताई इथल्या पावरी बोलीत सांगताहेत. गोळीवर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. लिंबू असेल तर जेवणात पीळ. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नको, मध्ये दोन तास जाऊ दे. शौचाला काळी झाली तर घाबरू नको, ते गोळीमुळंच. मळमळलं तर रात्री जेवून घे, पण बंद करू नको.

शिफारशीत गोळ्यांचा आकडा असतो. ती गोळी पोटात जाते ती या बाजेवरच्या बोलण्यामुळं, हे आम्ही इथं दिवसभर पाहिलं. या बोलण्याला वेळ लागतो, आणि तो ताईंच्या कामात धरला गेला पाहिजे.

[गोळ्यांचं पाकीट. ताईंचं बोट एकेका रिकाम्या घरावरून सरकतं.]

सात घरं रिकामी. आठवडा पुरा झाला.

[ताई बाईची खालची पापणी ओढून आतला रंग पाहतात. निवेदन नाही.]

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अंगात रक्त कमी असलं की बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेततो. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर गोळीवर भागत नाही, दवाखानाच गाठावा लागतो. तोही याच पाण्यावरून.

[होडी काठ सोडते.]

समोरच्या उतारावर धूर दिसतोय, तो पुढचा पाडा. तिथं तिघी आहेत.