हाडाच्या खड्ड्यात काय भरायचं?

नमस्कार, श्रोतेहो. उत्तरायण आली की बडोद्यात पतंगामागे धावताना गच्चीवरून कुणीतरी पडतंच. साधं मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये जुळतं. पण हाडाचा चुरा होऊन मध्ये खड्डाच पडला, तर त्यात काय भरायचं?

रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून भरणं, हा उपाय आजही सर्वांत भरवशाचा. फक्त ते हाड मिळतं मोजकंच, आणि कमरेची जखम पुढे बरेच दिवस ठणकते. म्हणून खनिजाचा विचार.

वजनाने बघाल तर हाडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग खनिज असतो. हायड्रॉक्सीअपाटाइटच्या जातीचं हे कॅल्शियम फॉस्फेट प्रयोगशाळेतही तयार होतं. चुन्याच्या पाण्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. इथे घाई केली की घात. पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, नऊच्या खाली घसरला तर भलतंच फॉस्फेट हाती येतं; कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ साधायला हवं. साका रात्रभर मुरवून, धुऊन, वाळवून ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. चिनी मातीच्या कपबश्या भाजणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

खरी कसोटी पुढे आहे. कपबशीला छिद्र नको, इथे छिद्रंच हवीत! या खनिजाच्या भुकटीच्या राबडीत स्पंज बुडवून भट्टीत घालतात. स्पंज जळतो, जाळी उरते. भोकं शंभर मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा, मोठी आणि एकमेकांना जोडलेली असली, तरच रक्तवाहिन्या आत शिरतात. मात्र जितकी जाळी मोकळी, तितकी ठिसूळ. मांडीच्या हाडाचा भार ती एकटी पेलणार नाही; धातूची पट्टी आणि स्क्रू लागतातच.

आणि माझ्या मते मजबुतीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे वेळेवर विरघळणं. १८९२ साली ड्रेसमन या जर्मन सर्जनने हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं. पण ते काही आठवड्यांतच विरघळतं, नवं हाड पुरतं भरायच्या आत. हायड्रॉक्सीअपाटाइट उलट, वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे त्याचंच भावंड मधल्या चालीचं. म्हणून या दोन फॉस्फेटांचं मिश्रण वापरतात.

दंतवैद्य जबड्यात भरतात ते पांढरे दाणे पुष्कळदा याच कुळातले. काही दाणे मात्र गाईच्या हाडापासून केलेले असतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगावं. कृत्रिम दाणेही मिळतात.