‘आम्ही तग धरून आहोत’

श्रोतेहो, नमस्कार.

सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कमळे, दगडी घाट आणि संथ पाणी येते. परंतु अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये पसरलेले सुपीरियर सरोवर महाराष्ट्राच्या एक चतुर्थांश भागाहून मोठे आहे, आणि नोव्हेंबरात तिथे उठणाऱ्या लाटांपुढे आपल्या भाषेतला हा सुंदर शब्द मला अगदीच अपुरा वाटतो. तिथल्या खलाशांची गंमत उलटी आहे; ते सातशे फुटी जहाजालाही ‘बोट’च म्हणतात.

अशीच एक बोट म्हणजे ‘एडमंड फिट्झगेराल्ड’. १९५८ साली तिचे जलावतरण झाले, तेव्हा ७२९ फूट लांबीची ही बोट सुपीरियर आणि त्याला जोडलेल्या मोठ्या सरोवरांवरची सर्वांत लांब होती. एका विमा कंपनीने ती बांधून घेतली आणि तिला आपल्याच अध्यक्षांचे नाव दिले. लोहखनिजाच्या गोळ्या कारखान्यांकडे पोहोचवण्याचे काम तिने सतरा वर्षे केले.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी, सव्वीस हजार टनांहून अधिक खनिज घेऊन, ती सुपीरियर बंदरातून डेट्रॉइटकडे निघाली. कप्तान होते अर्नेस्ट मॅकसॉर्ली. मागून ‘आर्थर अँडरसन’ ही दुसरी बोट येत होती आणि तिचे कप्तान होते बर्नी कूपर. हे दुसरे नाव, श्रोतेहो, ध्यानात ठेवा.

दहा तारखेला दुपारी वादळात मॅकसॉर्लींनी कळवले की कठडा तुटला आहे, बोट कलली आहे आणि पंप चालू आहेत. पुढे त्यांचे रडारही बंद पडले, तेव्हा अँडरसन आपल्या रडारवर पाहून त्यांना वाट सांगू लागली. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अँडरसनच्या अधिकाऱ्याने विचारले, “तुमच्या अडचणींचे कसे काय?” उत्तर आले, “आम्ही तग धरून आहोत.” त्यानंतर हिमवर्षावाचा पडदा आला, आणि तो सरला तेव्हा लांबच्या जहाजांचे दिवे दिसत होते, पण मधली बोट नव्हती. रडारवरही नव्हती. धोक्याची हाक तर कोणी ऐकलीच नव्हती.

अँडरसनने तटरक्षक दलाला हाक दिली, तर तिकडून आधी एका हरवलेल्या सोळा फुटी होडीवर लक्ष ठेवायला सांगण्यात आले! अँडरसन व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाला पोहोचली, आणि तेव्हा तटरक्षक दलाने कूपर यांना विचारले की आपण परत जाऊन शोध घ्याल का. नुकतेच ज्या पाण्यातून जीव मुठीत धरून बाहेर पडलो, त्याच पाण्यात, रात्री, आपली माणसे घेऊन परत जायचे. कूपर कचरले, आणि त्यांचे ते कचरणे मला त्यांच्या धाडसाइतकेच मोलाचे वाटते. मग त्यांनी बोट वळवली. होय, वळवली. शोधात दोन मोडक्या जीवनरक्षक होड्या सापडल्या; माणूस मात्र एकही नाही. एकोणतीस जण गेले आणि त्यांच्यापैकी एकाचाही देह हाती लागला नाही.

कारणाबद्दल आजही एकमत नाही. तटरक्षक दलाने मालाच्या कोठारांच्या झाकणांतून पाणी शिरल्याचा निष्कर्ष काढला, तर जहाजमालकांच्या संघटनेने बोट उथळ खडकाला घासल्याचे म्हटले. दोन तुकड्यांत मोडलेली ती बोट ५३० फूट खोल पडून आहे. १९९५ साली तिची घंटा वर काढली गेली, आणि तिच्या जागी एकोणतीस नावे कोरलेली दुसरी घंटा खाली बसवण्यात आली.